शून्याखालची नदी

एकवीस वर्षं मी सरकारी पगार घेऊन एका खांबाकडे बघत होतो. हे मी थट्टेने लिहीत नाही. माझ्या नेमणुकीच्या हुकमातही जवळपास हेच होतं, फक्त ते इंग्रजीत असल्यामुळे फार भारदस्त दिसायचं. सासरेबुवा तर गावात सांगत की जावई धरणावर मोठे आहेत. धरण माझ्यापासून दहा मैल वर होतं आणि मी कुठेच मोठा नव्हतो. पण दिवाळी अंकाच्या संपादकांनी ‘धरणावरील आयुष्यातले थरारक प्रसंग’ मागितले आहेत, तेव्हा खांबाबद्दलच लिहितो. थरार त्यांनी आपला घालून घ्यावा.

नदीचं नाव सांगत नाही. त्या नावाखाली दोन-तीन साहेबांच्या पेन्शनी सुखाने चालू आहेत. सौंदड स्टेशनावर उतरून दोन तास पायी गेलं की करंजटोला लागतो, तिथे माझा खांब होता. सागवानी, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा, त्यावर फूट आणि फुटाचे दहा भाग. ह्याला खात्यात गेज म्हणत, म्हणून मला सगळा गाव गेजबाबू म्हणे. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा, पाणी कुठल्या पट्टीला टेकलं ते बघायचं, फॉर्मात लिहायचं आणि आठवड्याने टपालात टाकायचं. एवढंच काम. ह्यात चूक करायलासुद्धा हुशारी लागते, आणि ती मी केली.

धरणाची रचना अशी होती की सोडलेलं पाणी नदीतूनच वाहत यायचं. आमच्या खाली सहा मैलांवर एक बंधारा होता, तिथून ते कालव्यात आणि मग धानाच्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, जायचं. म्हणजे मधली सोळा मैल नदी खात्याच्या लेखी नुसती नळी होती. नळीच्या काठी माणसं राहतात, नळीत मासे असतात, वाळूत टरबुजं पिकतात, ह्याची नोंद नकाशावर नव्हती. धरण झालं त्या उन्हाळ्यात पाणी सगळ्यांत कमी असताना साहेबांनी खांब पुरला आणि त्या रेषेला शून्य लिहिलं. ह्याच्या खाली नदी जाणार नाही, असं ठरलं. नदीला कुणी विचारलं नव्हतं.

नदीबद्दल मला पहिल्यांदा शिकवलं ते फुलवंताबाईने. ढिवराची बाई, पन्नाशीची, आवाज पैलतीरी जाईल असा. पावसाळ्यानंतर ती मासे धरी आणि उन्हाळ्यात नदीतल्या वाळूवर टरबूज-काकडीच्या वाड्या लावी. माझ्या नोकरीच्या तिसऱ्या की चौथ्या वर्षी, ऐन चैत्रात, टरबुजं हातात मावेनाशी झाली असताना धरणावर कुणी थोर पाहुणे आले. त्यांना दरवाजे कसे उघडतात ते बघायचं होतं. उघडून दाखवले. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या असतील. आमच्याकडे भर उन्हात स्वच्छ, निळं पाणी आलं आणि फुलवंताबाईची वाडी वेलांसकट घेऊन गेलं. ‘पाणी सोडण्यात येत आहे, काठच्या लोकांना सूचना द्यावी’ असं कार्ड मला टपालाने तिसऱ्या दिवशी मिळालं. मी कर्तव्यदक्ष माणूस. कार्ड घेऊन तिच्या झोपडीशी गेलो आणि वाचून दाखवलं.

ती हसायला लागली. मग हसणं थांबवून म्हणाली, "गेजबाबू, टरबुजं गेले त गेले. पुढल्या साली पुन्ना लावीन म्हनलं त रेती कुठी हाये?"

"वाळू पुराबरोबर येईल की."

"कुठून येईन? धरनात बसली ना थे. आता पानी येते थे गाळलेल्या पान्यावानी येते. वरून काहीच आनत नाही, आन जाताना इथली घेऊन जाते. तुमी खांब पाहून राहिले, जरा खाली पाहा ना जी."

तिच्या हातात बांबू होता. जाळ्याचे खुंट ठोकताना वाळू किती खोल आहे हे ती त्या बांबूने बघे. दरवर्षी वाळू कमी भरत होती. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, मी मान हलवली आणि मनात म्हटलं, बाईला टरबुजांचं दुःख झालंय.

दोन वर्षांनी, पौषात, सकाळी सहाला मी गेजवर गेलो तर खांब कोरडा. पाणी त्याच्या बुडाच्या बाहेर, हातभर पलीकडून खालून चाललेलं. पट्ट्या संपल्या होत्या, नदी संपली नव्हती. मी दोरी आणि काठी घेऊन मोजलं आणि इमानाने लिहिलं: शून्याच्या खाली चार दशांश.

आठ दिवसांत फॉर्म परत आला. आकड्याभोवती निळ्या पेन्सिलीने गोल. दुसऱ्या आठवड्याचाही परत आला. तेव्हा मी सौंदडला जाऊन गाडी धरली आणि वरच्या ऑफिसात गेलो. तिथे बडे बाबू म्हणून हेडक्लार्क होते. पान चघळत बोलत, त्यामुळे खात्याचे बरेच हुकूम मला तांबड्या रंगात आठवतात.

"क्यों भाई," ते म्हणाले, "बाल्टी खाली हो गई तो उसमें कितना पानी रहता है?"

"शून्य."

"शून्य से कम रहता है क्या?"

"नहीं बाबूजी. लेकिन बाल्टी का तला ही नीचे चला गया तो?"

"तो बाल्टी की मरम्मत का फॉर्म अलग है."

शेजारी आमचे ओव्हरसियर बसले होते. ते पुण्याकडचे, सभ्य, मराठी अशी की ऐकत राहावं. ते म्हणाले, "असं बघा, ह्या फॉर्मात उणे चिन्हाची सोय नाही. आणि तळ खाली गेला असं एकदा लिहिलं की तो का गेला हे कुणाला तरी लिहावं लागेल. आपण कशाला त्या फंदात पडायचं? शून्य लिहीत चला. शून्य म्हणजे काही खोटं नव्हे, शून्य म्हणजे नाही."

मी शून्य लिहायला लागलो. पुढची जवळजवळ तीन वर्षं, पाणी सोडलेलं नसेल त्या प्रत्येक दिवशी, तीन वेळा. माझ्यावर जबरदस्ती झाली असं दाखवायला मला आवडेल, पण खरं सांगायचं तर त्यात सुख होतं. थंडीत गुडघाभर पाण्यात उतरायला नको. शनिवारचं शुक्रवारीच लिहिता येई. माझं अक्षर चांगलं, त्यामुळे माझी शून्यं फार देखणी दिसत. बडे बाबूंनी एकदा दुसऱ्या गेजवाल्याला माझा फॉर्म नमुना म्हणून दाखवला.

नदी मात्र खाली चालली होती. पाणी सुटायचं तेव्हा ते आधीच्या वर्षीपेक्षा कमी पट्टीला टेकायचं, म्हणून ऑफिसने धरणाच्या दरवाजेवाल्याला दोनदा झापलं की तू पूर्ण दरवाजा उघडत नाहीस. बिचारा शपथा घेत होता. गावातल्या काठच्या विहिरी शिमग्यालाच तळ दाखवू लागल्या, बाया दोरांना दोर जोडू लागल्या. काठावरच्या सावरीच्या झाडाच्या मुळ्या उघड्या पडल्या. ह्यातल्या कुठल्याच गोष्टीला फॉर्म नव्हता.

अशा वेळी आमच्या मालगुजारांच्या, म्हणजे गावच्या जमीनदारांच्या, मनात आलं की आईच्या नावाने नदीवर दगडी घाट बांधावा. माणूस वाईट नव्हता. फक्त आपल्या मनात आलं म्हणजे ते झालंच, अशी त्यांची समजूत होती, आणि त्या मुलखात ती बरीचशी खरीही होती. बांधायला सुकलाल मिस्त्रीला बोलावलं. हा माणूस दगडाला हात लावून त्याच्या आतली भेग सांगायचा. विहिरी, पार, पुलांच्या मोऱ्या, सगळं केलेला. बोलायचा कमी, खायचा तंबाखू आणि रागवायचा फक्त चुन्यावर.

पाया कितीवर थांबवायचा ह्यावर वाद झाला. सुकलालचं म्हणणं, मुरूम लागेपर्यंत अजून चार हात जायचं. मालगुजारांना मकर संक्रांतीला घाट उघडायचा होता आणि मार्गशीर्ष उजाडला होता. त्यांनी ओव्हरसियरना सल्ल्याला बोलावलं. ओव्हरसियर माझी फॉर्मांची बाडं घेऊन आले, काठावर खुर्ची टाकून बसले आणि पानं उलटत म्हणाले, "हे पाहा. दोन वर्षं शून्य. एका दशांशाचाही फरक नाही. इतकं स्थिर पात्र मी आजवर पाहिलेलं नाही. आहे एवढा पाया भरपूर झाला."

मी तिथेच उभा होतो. खरं म्हणजे माझ्या पायाखालीच ते स्थिर पात्र चार फूट खाली गेलेलं होतं आणि जरा मान वाकवली असती तर त्यांनाही दिसलं असतं. पण फॉर्म मांडीवर असताना नदीकडे बघण्याची खात्यात पद्धत नव्हती.

ते जेवायला गेले. सुकलाल पायाच्या खड्ड्यातून वर आला, हात झटकले आणि माझ्याजवळ येऊन बसला.

"गेजबाबू, तुमी रोज नदी पाहता. थे कागदाचं राहू द्या. नदी जागेवर हाये ना?"

मी काय बोललो ते मला अक्षरशः आठवतं. मी म्हणालो, "रजिस्टरमध्ये तर तसंच आहे, मिस्त्री."

त्याने तंबाखूची चिमूट तोंडात टाकली. "मंग ठीक हाये," म्हणाला आणि उठून चुना मळायला सांगितला.

संक्रांतीला घाट उघडला. दगड सुरेख, सांधे असे की नख जाऊ नये. फक्त शेवटच्या पायरीपासून पाणी चार फूट खाली होतं. भाषणं झाली. पाहुणे म्हणाले, ह्या घाटावर पिढ्यान् पिढ्या स्नानं होतील. पिढ्या बाजूच्या दरडीवरून घसरत जाऊन स्नान करून आल्या. फुलवंताबाई मला म्हणाली, "एवढा मोठा घाट काऊन बांधला जी? पान्यात उतराले का पान्याकडे पाहाले?"

पुढच्या पावसाळ्यानंतर धानाला पाणी हवं म्हणून धरण दीड महिना एकसारखं सुटलेलं होतं. तेच निळं, गाळलेलं पाणी, घाटाला घासत जाणारं. मग हलका, लवकर पिकणारा धान कापायला आला, पाणी नको झालं, आणि कार्तिकी पुनवेच्या दोन दिवस आधी वरचे दरवाजे एकदम बंद केले. नदी रात्रीतून उतरली. काठाची माती मात्र पाणी पिऊन जड झालेली होती आणि तिला आधार देणारं पाणी समोर राहिलं नव्हतं. आता मी हे इतकं शहाण्यासारखं लिहितो आहे. तेव्हा मला एवढंच दिसलं की पुनवेच्या सकाळी खालच्या पायरीखाली पोकळी आहे. हात घातला, कोपरापर्यंत गेला. पुढे सरकलो, खांद्यापर्यंत गेला. वरच्या पायऱ्यांवर आडवी, केसाएवढी भेग होती. आणि यात्रेला माणसं यायला लागली होती.

मी धावत मालगुजारांकडे गेलो. ते सोवळ्यात होते.

"घाट पोकळ झाला आहे, मालगुजारसाहेब. माणसं चढू देऊ नका."

"कोण म्हणतो?"

"मी बघून आलो."

"तुम्ही खांब बघा, बाबू. आमच्या आईच्या घाटाला काय होते?"

पोलिसपाटलाकडे गेलो. त्याने लेखी हुकूम मागितला. परत आलो तोवर घाटावर तीस-चाळीस बाया पोरंबाळं घेऊन बसल्या होत्या, दिवे लावायच्या तयारीत. मी ओरडून सांगितलं. कुणी म्हणालं, सरकारी माणूस आहे, घाटावर पट्टी बसवणार दिसते. एका म्हातारीने मला प्रसाद दिला.

फुलवंताबाई खालच्या पाण्यात जाळं आवरत होती. मी तिला पोकळी दाखवली. तिने बांबू आत घातला, तो पुरा गेला. तिने एकदा वर बायांकडे बघितलं, आणि मग तो पैलतीरी जाणारा आवाज काढला.

"मगर! मगर हाये वं! पायऱ्याखाली मगर बसली हाये! पोट्टे उचला, पोट्टे उचला!"

असा घाट रिकामा झालेला मी पाहिला नाही. ज्यांना गेजबाबूचा शब्द पटला नव्हता, त्यांना नदीत कुणी न पाहिलेली मगर तत्क्षणी पटली. मालगुजारांचे पुरोहित पूजेचं ताट टाकून सगळ्यांत पुढे होते. मी मोठ्याने हसलो, इतका जीव हलका झाला होता.

तेवढ्यात गर्दीतून उलट दिशेने सुकलाल आला. तोही यात्रेला आला होता, बायकोला आपला घाट दाखवायला. त्याने भेग पाहिली, मुंडासं काढून माझ्या हातात दिलं आणि खाली उतरून पायरीखाली वाकला.

"मिस्त्री, बाहेर या!"

"थांबा जी. पाया कुठवर उघडा पडला थे पाहू द्या."

आवाज फार मोठा झाला नाही. पोतं ओढल्यासारखा झाला. सगळा घाट, पायऱ्यांची रांग न मोडता, बसल्या माणसाने पुढे सरकावं तसा चार हात सरकला आणि मग ढासळला. सुकलाल बाहेर उडी मारत होता, म्हणून वाचला. डावा पाय दगडाखाली राहिला. ढिवरांनी डोंगे, म्हणजे होड्या, ढकलायच्या काठ्या घालून दगड उचलला. बैलगाडीने सौंदड आणि तिथून गाडीने गोंदियाला नेलं. गुडघ्याखाली पाय काढावा लागला.

चौकशीला एक साहेब आले. आंब्याखाली टेबल. सुकलालला खाटेवर घालून आणलं होतं. ओव्हरसियरनी सुरेख मराठीत आणि मग सुरेख इंग्रजीत सांगितलं की पात्र तर रेकॉर्डप्रमाणे तीन वर्षं जागचं हललेलं नाही, तेव्हा दोष बांधणीत, बहुधा चुन्यात. चुन्याचं नाव निघताच सुकलालने उठून बसायचा प्रयत्न केला. मग मला बोलावलं.

"हे अक्षर तुमचं?"

"अक्षर माझं आहे साहेब. शून्य ऑफिसचं आहे."

एवढं धाडस मी आयुष्यात त्याआधी केलं नव्हतं. सगळं सांगितलं. निळी पेन्सिल, बाल्टी, उणे चिन्ह. साहेबांनी विचारलं, हुकूम लेखी आहे? म्हटलं, तोंडी. बडे बाबू पान गालात सरकवून म्हणाले, "मेरे को याद नहीं." परत आलेले फॉर्म कुठे आहेत? ते मीच फाडून नवे भरले होते. फुलवंताबाई बांबू घेऊन पुढे आली. "साहेब, मह्यासंग नदीत या ना. पाच मिंट लागतीन, पाह्यजा." साहेबांनी आपल्या बुटांकडे बघितलं, मग घड्याळाकडे, आणि बाईचे आभार मानले.

अहवालात आलं: घाट निकृष्ट चुन्यामुळे पडला. सुकलालला सरकारी काम देऊ नये. गेजवाल्याला ताकीद. शेवटी एक ओळ होती की गेज वाचायला सोयीचा व्हावा म्हणून खांब खाली सरकवावा. तो पाच फूट खाली सरकवला, नव्या जागी शून्य काढलं आणि नदी पुन्हा बरोबर वाहू लागली. मधल्या पाच फुटांचं काय, हे आजपावेतो कुणी विचारलेलं नाही. साहेब बदलले, मग राज्यच बदललं. फॉर्मात उणे चिन्हाची सोय अजून नाही, असं परवाच एका नव्या गेजवाल्याकडून कळलं.

चौकशीत मी खरं बोललो ह्याचा मला अभिमान होता. तो मी वर्षभर बाळगला. बायकोला सांगितलं, सासऱ्यांना सांगितलं, सौंदडच्या स्टेशनमास्तरांनाही सांगितलं. माझी बढती त्यामुळे अडली, हेही मी न विचारता सांगत असे.

मग एका बाजाराच्या दिवशी सौंदडला सुकलाल भेटला. कुबडी घेऊन. कुणाच्या तरी घराची चूल आणि न्हाणी बांधून येत होता. त्याला तेवढीच कामं मिळत. आम्ही स्टेशनाबाहेर चहा घेतला. मीच विषय काढला. म्हटलं, "मिस्त्री, तुमच्यासाठी मी साहेबासमोर सगळं खरं सांगितलं होतं."

"आयकलो ना मी. खाटेवरच होतो," तो म्हणाला. "बरं केलं तुमी. साहेबापुढं बोलाले हिंमत लागते."

मला बरं वाटलं. त्याने बशीतला चहा संपवला, बशी खाली ठेवली.

"पन एक इचारतो, गेजबाबू. घाट बांधून राहिलो होतो तवा मी तुमाले इचारलो होतो, नदी जागेवर हाये ना. तवा तिथं साहेब नव्हता, ओव्हरसियर जेवाले गेलता. मालगुजारबी नव्हता. मी एकलाच होतो."

"हो."

"मंग मले खोटं कायले सांगतलं? माहा तुमाले कायचा भेव होता?"

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. खरंच विचारत होता, एखाद्या दगडात भेग कशी आली हे विचारावं तसा. ऑफिसला मी भ्यालो, त्याला कारण होतं. ह्या माणसाला भ्यायचं काहीच कारण नव्हतं. त्याने चार हात आणखी खोदले असते, एवढंच झालं असतं.

गाडीची घंटा झाली. त्याने कुबडी काखेत घेतली, "येतो जी" म्हणाला आणि फलाटाकडे गेला. मी बाकावर बसून होतो. त्याने विचारलेलं मी आजही कुणाला सांगत नाही. इथे पहिल्यांदा लिहितो आहे.